सासूबाईंचा केक, हवाईमार्गे

ग्रुंड गावाहून डोंगरापलीकडच्या लाइटनला जायचे दोन रस्ते आहेत, एक माणसांचा आणि एक कावळ्यांचा. माणसांचा रस्ता सबंध डोंगराला वळसा घालत घाटातून जातो, आणि ऑगस्टमध्ये त्या घाटात मागे सायकली, टपावर होडी आणि आत चार पोरं कोंबलेल्या डच लोकांच्या गाड्या इतक्या हळू चढतात की पायी चालणारा पुढे निघून जाईल. कावळे मधली खिंड ओलांडतात आणि पलीकडे उतरतात. कास्पर वुकोविच गेली सोळा वर्षं माणसांच्या रस्त्याने सासुरवाडीला जात होता. गेल्या वर्षी सासूबाईंच्या वाढदिवसाला, बायकोने केलेला अक्रोडाचा क्रीम-केक मांडीवर धरून तो एका वळणावर तासभर अडकला, तेव्हा त्याने काचेतून वर पाहिलं. वर एक कावळा चालला होता, आणि या प्रकरणाची सुरुवात तिथे झाली.

तो केक लाइटनला पोचला तेव्हा एका अंगाला कलला होता आणि अर्धं क्रीम झाकणाला होतं. फिलोमेना सासूबाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या, "असू दे हो, कास्परराव. तुम्ही इतक्या लांबून आलात, हेच पुष्कळ झालं."

हे वाक्य त्याला वर्षभर टोचत राहिलं. कारण फिलोमेनाबाई गोड बोलत नाहीत, हे आमच्या दोन्ही दऱ्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. पोटच्या मुलाला, सुनेला, पाद्रीबाबांना आणि दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरला त्या ज्या भाषेत बोलतात ती इथे छापता यायची नाही. गोड बोलणं त्यांनी परक्यांसाठी राखून ठेवलंय, म्हणजे उन्हाळ्यात खोल्या घेणारे जर्मन पाहुणे आणि कास्पर. सोळा वर्षं झाली तरी पहिली वाढ त्याला, फुलाफुलांचं चांगलं ताट त्याला, आणि "घाटात त्रास नाही ना झाला?" ही चौकशीही त्यालाच. सुरुवातीला त्याला वाटलं, जावयाचा मान असेल. मग एकदा बुर्गी, म्हणजे त्याची बायको, मोजे घड्या करता करता बोलून गेली की आई बाहेरच्या माणसांना कधी काही बोलत नाही. त्या दिवसापासून त्या घरात त्याला घास गोड लागेना.

बाहेरचा तर तो होताच. कास्पर मूळचा बुर्गेनलांडचा, आणि बुर्गेनलांड पोळपाटासारखं सपाट. तिथल्या माणसांवर आमच्याकडे जितके विनोद आहेत तितकी तिथे माणसंही नसतील. मेहुणा विन्सेन्झ सणावाराला एक तरी काढायचाच. "दाजी, तुमच्याकडची सगळ्यात उंच जागा कुठली सांगा? जेवणाच्या टेबलावर ठेवलेली खुर्ची." विन्सेन्झ गिर्यारोहकांचा वाटाड्या आणि लाइटनच्या डोंगर-बचाव पथकाचा प्रमुख, त्यामुळे त्याच्या विनोदाला सगळं टेबल हसायचं. कास्पर ग्रुंडच्या पंचायत कचेरीत कारकून. पॅराग्लायडरचा कापडी पंख तोही दहा वर्षं उडवत होता, पण आपल्या डोंगरावरून उडायचं आणि आपल्याच गावात उतरायचं, याला आमच्याकडे कुणी उडणं म्हणत नाही. डोंगर ओलांडून परक्या दरीत उतरेल तो उडणारा, बाकीचे हवा खायला गेलेले.

तेव्हा सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला केक आपण हवेतून न्यायचा, खिंड ओलांडून थेट त्यांच्या दारात, हे कास्परने ठरवलं. मग तरी त्या घरात आपण पाहुणे राहणार नाही, असा त्याचा हिशेब होता. बुर्गीला त्याने फक्त इतकंच सांगितलं, "हवेत वळणं नसतात."

बुर्गीने क्रीम फेटणं थांबवलं नाही. "आणि पडलं तर?"

"पडेल कसा? छातीशी बांधणार आहे ना मी."

"केकचं नाही विचारत मी."

"मी पडलो तर केक नेमका मध्ये येईल," कास्पर म्हणाला.  बुर्गी म्हणाली की ती आदल्या दिवशीच मुलींना घेऊन घाटाने जाईल, घरातलं कुणीतरी जेवणाला वेळेवर असलेलं बरं.

बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला एक जिना पुरला. खालच्या मजल्यावरच्या ऑटिलीबाई शाळेतून निवृत्त झाल्या असल्या तरी शिकवण्यातून झालेल्या नाहीत. त्यांनी कास्परला दारातच गाठलं.

"केक गोठवून ने. क्रीम वितळतं."

"वर थंडी असते हो, बाई."

"वर थंडी, खाली ऊन. आणि तू बराच वेळ खालीच असशील," ऑटिलीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मासळीवाल्याकडून आणलेला पांढरा थर्मोकोलचा चौकोनी खोका त्याच्या हातात ठेवला. त्याला वास मारत होता. कास्परने तो तीनदा धुतला, उन्हात ठेवला, आत कोलन-वॉटरचे दोन थेंब टाकले, आणि मग कोलनचा वास जावा म्हणून पुन्हा धुतला.

दुसरा सल्लागार कोर्बिनियान. हा पूर्वी रोपवेवर कामाला होता आणि आता दिवसभर बाकावर बसून वाऱ्याची दिशा सांगतो. ती त्याला कमरेतून कळते. मध्यंतरी डॉक्टरांनी त्याच्या खुब्यात धातूचा सांधा बसवला, तेव्हापासून त्याचे अंदाज जास्त चुकतात, पण तो ते जास्त ठामपणे सांगतो.

"दुपारी दक्षिणेचा वारा येणार," कोर्बिनियान म्हणाला. "खिंडीत पोचलास की डावीकडच्या कड्याला चिकटून राहा. उजवीकडे गेलास तर संपलं. माझा चुलतभाऊ गेला होता उजवीकडे."

"काय झालं त्याचं?"

"काय व्हायचंय? इटलीत हॉटेल काढलं त्याने. पण भेटत नाही आता."

पंधरा ऑगस्टला, मारियाच्या सणाच्या सकाळी, कास्पर खोका घेऊन रोपवेच्या दाराशी गेला, तर दाराला कुलूप. रात्री वीज पडून कसलीशी तार जळाली होती. तिथला माणूस म्हणाला, उद्या या. सासूबाईंचा वाढदिवस उद्यावर ढकलणं कास्परच्या अधिकारात नव्हतं, म्हणून पाठीवर पंखाचं बोचकं आणि हातात केक अशा थाटात तो रॉसकोप्फचा डोंगर पायी चढू लागला. अर्ध्या वाटेपर्यंत फक्त घाम आला. त्यापुढे कडा लागतो, आणि कड्यावर लोखंडी पायऱ्या ठोकून बाजूने तार ओढलेली आहे. ही तार दोन्ही हातांनी धरायची असते. केक उजव्या हातात घ्यावा की डाव्या, याबद्दल गिर्यारोहणाच्या पुस्तकांत काहीही लिहिलेलं नाही. कास्परने हा प्रश्न खोक्याची दोरी दातांत धरून सोडवला.

वरून एक बव्हेरियन जोडपं उतरत होतं. डोंगरावर आमच्याकडे कुणी कुणाला परकं मानत नाही, त्यामुळे बाईंनी सरळ विचारलं, "दादा, आत काय? कुणाची किडनी आहे का?"

कास्परने पायरीला कोपर अडकवून दोरी तोंडातून काढली. "अक्रोडाचा केक."

बाईंनी नवऱ्याला कड्याशी दाबून धरलं आणि वाट करून दिली. किडनीसाठी त्यांनी इतकी वाट दिली असती की नाही, कोण जाणे.

माथ्यावर वारा समोरून येत होता, उडायला हवा तसा. त्याने आपला लाल-पिवळा पंख पसरला, दोऱ्या सोडवल्या, केक छातीशी बांधला आणि उतारावरून धावत सुटला. चार पावलांनंतर जमीन संपली. आता इथे कास्परची थट्टा करता येणार नाही, कारण पुढचा तासभर तो खरोखर चांगला उडाला. ऊन लागलेल्या कड्यांवरून गरम हवा वर चढत होती. तो तिच्यात गोल गोल फिरत उंच गेला, एका कड्याची हवा संपली की दुसऱ्या कड्याकडे सरकला, आणि कोर्बिनियानच्या सांगण्याप्रमाणे डावीकडे चिकटून खिंडीवरून सरळ पलीकडे निघाला. खाली लाइटनची दरी उघडली. चर्चचा कांद्यासारखा घुमट, नदी, सासूबाईंचं घर, आणि घरापुढे गावचा बँड जमत होता, त्याच्या तुताऱ्या वरूनही चमकत होत्या. कास्परला इतका आनंद झाला की तो एकटाच मोठ्याने हसला.

मग दक्षिणेचा वारा आला. कोर्बिनियानचा अंदाज आयुष्यात एकदा खरा व्हायचा होता तो त्या दुपारी झाला. पंख थरथरला आणि कास्पर भराभर खाली येऊ लागला. उतरायचं मैदान नदीपलीकडे होतं, तिथवर पोचणं शक्य नव्हतं. अलीकडे मात्र एक सुरेख सपाट कुरण होतं. त्यात दुसऱ्या कापणीचं गवत कमरेइतकं उभं होतं आणि कडेला पिवळी पाटी होती. पाटीवर काय लिहिलंय हे कास्परला वाचावं लागलं नाही. 'उभ्या गवतात उतरण्यास सक्त मनाई' हा मजकूर त्याने स्वतः ग्रुंडच्या कचेरीत बसून तयार केला होता, आणि लाइटनच्या पंचायतीने तो आवडून तसाच उचलला होता. त्यातला 'सक्त' हा शब्द तर त्याने साहेबांशी भांडून घातला होता. इथला माणूस असता तर खुशाल उतरला असता, शेतकऱ्याच्या चार शिव्या खाल्ल्या असत्या, आणि संध्याकाळी त्याला बिअरचं खोकं नेऊन दिलं असतं. पण बाहेरच्या माणसाला नियम जरा जास्तच लागू होतात. कास्परने सुरेख सपाट कुरणाकडे पाठ फिरवली आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला, चांगल्या तिरक्या उतारावर, शेळ्यांच्या कुरणात उतरला.

उतरला मात्र झकास. दोन पायांवर, केक सरळ.

आता आमच्याकडचे दोन नियम सांगायला हवेत, ते पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवतात. उतरल्यावर पंख ताबडतोब गुंडाळायचा. पसरलेला पंख दिसला की माणसाला लागलंय असं समजतात. आणि दोन्ही हात वर धरून उभं राहिलं की त्याचा अर्थ मला मदत हवी आहे. कास्परला हे दोन्ही नियम तोंडपाठ होते. पण शेळ्यांना नव्हते. तो हार्नेसचे पट्टे सोडवतोय तोवर पंधरा-वीस शेळ्या गळ्यातल्या घंटा वाजवत आल्या, निम्म्या पंखावर उभ्या राहिल्या, आणि उरलेल्यांना अक्रोडाचा वास लागला. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या शेळीने पुढचे पाय कास्परच्या पोटावर ठेवले. कास्परने खोका डोक्यावर धरला, दोन्ही हातांनी, आणि तसाच उभा राहिला.

समोरच्या डोंगरावर चीज करणारी आग्नेस राहते. तिच्याकडे दुर्बीण आहे आणि मनही दयाळू आहे. तिने जिल्ह्याच्या बचाव मुख्यालयाला फोन केला की एक पॅराग्लायडर कोसळलाय, पंख लाल-पिवळा, माणूस उभा आहे, दोन्ही हात वर, आणि डोक्याला भलंमोठं पांढरं बँडेज.

लाइटनला तेव्हा नुकतं सूप वाढलं होतं. हे सगळं कास्परला नंतर कळलं. विन्सेन्झच्या कमरेचं बचाव पथकाचं यंत्र वाजलं, मग शेजारच्याचं, मग समोरच्याचं. ऐंशीव्या वाढदिवसाच्या टेबलावरचे सहा पुरुष बचाव पथकातले होते आणि सहाच्या सहा उठले. विन्सेन्झने यंत्रावरचा निरोप मोठ्याने वाचला. लाल-पिवळा हे शब्द आले तेव्हा बुर्गीच्या हातातला चमचा खाली पडला. फिलोमेनाबाईंनी विचारलं, "डोक्याला किती लागलंय?" कुणालाच माहीत नव्हतं. हेलिकॉप्टर दुसऱ्या दरीत गेलं होतं, तेव्हा सहा जण दोर आणि स्ट्रेचर घेऊन धावत सुटले.

इकडे कास्पर त्या मोठ्या शेळीपुढे मागे मागे सरकत एका दगडावर चढला आणि दगडावरून घसरला. पाय मुरगळला. खोका त्याने पडतानाही वरच धरला होता. विन्सेन्झ धापा टाकत पोचला, तेव्हा दाजी गवतात बसलेले होते आणि शेळ्यांना टोपीने हाकलत होते.

विन्सेन्झ गुडघ्यावर बसला. "नाव?"

"विन्सेन्झ, काय चेष्टा लावलीस?"

"नाव सांगा. शुद्ध आहे का बघायचं असतं."

"कास्पर वुकोविच."

"आज काय आहे?"

"तुझ्या आईचा वाढदिवस."

"शुद्धीवर आहे," विन्सेन्झने इतरांना कळवलं. "डोक्याचं बँडेज कुठंय?"

कास्परने खोका दाखवला.  सहाही जणांचं सूप गार झालं होतं, आणि ते पाऊण तास चढ चढून आले होते. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "कशाचा?"

"अक्रोडाचा."

"मग उचला," तो म्हणाला.

कास्परला स्ट्रेचरवर बांधलं, खोका त्याच्या छातीवर बांधला. कास्पर म्हणाला, "घरी कळवा की मी बरा आहे म्हणून." विन्सेन्झने नकारार्थी मान हलवली. त्या ओढ्याच्या घळीत मोबाइल लागत नाही. राहिला पथकाचा वायरलेस रेडिओ, पण रेडिओवर जखमीची माहिती फक्त जिल्ह्याच्या मुख्यालयाला द्यायची, नातेवाइकांना नाही, असा नियम आहे.

"अरे, पण नातेवाईक तूच आहेस."

"म्हणून तर मलाही अजून अधिकृतपणे काही माहीत नाही," विन्सेन्झ म्हणाला. कास्परने स्वतः आयुष्यभर असल्याच नियमांवर पोट भरलं होतं, त्यामुळे त्याला यात कुठे बोट ठेवता येईना.

उतरताना ऊन तापलं. खोक्याच्या फटीतून क्रीमचा एक ओघळ बाहेर आला तेव्हा कास्पर कासावीस झाला. "काहीतरी पांघरा रे त्याच्यावर. इथवर सरळ आणलाय." त्यांनी लाल-पिवळा पंख दुहेरी करून केकवर घातला. तो एवढा मोठा होता की केकबरोबर कास्परही डोक्यापासून पायापर्यंत झाकला गेला. आत अंधार होता, गारवा होता, आणि अक्रोडाचा वास येत होता. दमलेल्या कास्परने डोळे मिटले.

बँड फिलोमेनाबाईंच्या दारात उभा होता. वाढदिवसाची पोल्काची नाचरी धून कधीचीच वाजवून झाली होती. आता काय वाजवावं हे कुणाला सुचत नव्हतं, आणि सोडून जाणंही बरं दिसत नव्हतं. तेवढ्यात वळणावरून सहा जण आले. उकाड्याने त्यांनी डोक्यावरचं सगळं काढून ठेवलं होतं. खांद्यावर स्ट्रेचर, स्ट्रेचरवर पूर्ण झाकलेला माणूस. बँडमास्तरने ते पाहिलं, टोपी काढून बगलेत धरली आणि हात हळू खाली आणला. बँडने ती संथ चाल धरली, जी आमच्याकडे फक्त कबरस्तानात वाजते.

स्ट्रेचर धरणाऱ्यांना वाटलं, आपण वर होतो तेवढ्यात गावात कुणीतरी गेलं. रीत म्हणून सहाही जणांनी पावलं सावकाश टाकायला सुरुवात केली आणि माना खाली घातल्या. कापडाखाली कास्परनेही चाल ओळखली. सणाच्या दिवशी, त्यातही आईंच्या वाढदिवशी कुणाच्या घरी असं व्हावं याचं त्याला वाईट वाटलं. त्याने आदराने हात जुळवले आणि अगदी स्तब्ध पडून राहिला.

स्ट्रेचर थांबलं. अंगणातली खडी वाजली. कुणीतरी घाईने, पण अडखळत येत होतं. मग कापड एका झटक्यात बाजूला झालं आणि उन्हात कास्परला सासूबाई दिसल्या. सणाचा काळा रेशमी झगा, हातात त्या सणाला चर्चमधून आणतात ती औषधी वनस्पतींची जुडी, आणि चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नाही. सोळा वर्षांत त्याने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, आई," कास्पर म्हणाला. "केक सरळ आहे."

बँड थांबला. एक तुतारी थोडी उशिरा थांबली. फिलोमेनाबाईंनी दीर्घ श्वास घेतला, मूठ वर उचलली आणि जावयाच्या छातीवर हाणली. मध्ये केक होता. जो कड्यावर टिकला, हवेत टिकला, शेळ्यांपुढेही टिकला, तो खोका चरचरत आत गेला आणि चारी बाजूंनी क्रीम बाहेर आलं.

"कास्पऱ्या, मेल्या," त्या म्हणाल्या, आणि आवाज सापडल्यावर त्यांना आवरणं कुणालाच शक्य नव्हतं. "डोकं आहे का खोकं तुझं? आभाळातून टपकायला सांगितलं होतं कुणी तुला? केकावाचून मरायला टेकले होते का मी? सूप गेलं गटारात, डुकराचं मटण गेलं करपून, क्नोडेलच्या गोळ्यांचे झाले दगड, आणि ही सहा गाढवं उपाशी. ऐंशी वर्षं झाली, एक दिवस म्हणून सुखाचा घास खाऊ दिला नाहीस. आणि या पोरींना काय सांगणार होते मी? बाप कुठंय, तर शेळ्यांत मेला? पुन्हा त्या चिंधीला हात लावलास तर तंगडं मोडून हातात देईन."

"एक तर मोडल्यातच जमा आहे, आई," विन्सेन्झ म्हणाला.

"तू थोबाड बंद ठेव, घोड्या. तुला सांगायला काय झालं होतं जिवंत आहे म्हणून?" फिलोमेनाबाईंनी हातातल्या जुडीचा एक फटका विन्सेन्झला दिला आणि लगेच पुन्हा जावयाकडे वळल्या. "आणि तू. लोळतोयस काय असा पाहुण्यासारखा? ऊठ. लंगडत ये, पण स्वतःचं ताट स्वतः वाढून घे. मी नाही आज तुझ्या पुढेपुढे करणार. चाळिशी उलटली तरी अक्कल म्हणून नाही, बुर्गीला मी तेव्हाच सांगितलं होतं..."

बुर्गी स्ट्रेचरपाशी खाली बसली. तिने त्याच्या हनुवटीवरचं क्रीम पदराने, म्हणजे आपल्या एप्रनच्या टोकाने, पुसलं. "फार दुखतंय का रे? डोळ्यांत पाणी आलंय तुझ्या."

"तू जरा थांब," कास्पर म्हणाला. "आई बोलतायत ना मला."

फिलोमेनाबाईंचं अजून बरंच उरलं होतं.